तीन मॅच, मग येतोच

"ए, तू... घड्याळ काढ, आणि मनगट इथे ठेव," मी म्हटलं. त्याने निमूटपणे ठेवलं.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एमआरआयचं मशीन चालवायचं, हे माझं काम. त्या दिवशी बाकांवर सतरा वर्षांखालच्या राष्ट्रीय फुटबॉल संघातली पोरं बसली होती. वाढ संपून मनगटाचं हाड पुरतं जुळलेलं दिसलं, तर पोरगा वयाने मोठा धरतात आणि घरी पाठवतात. स्कॅन करून पाहिलं, तर याचं हाड कधीच जुळून गेलं होतं.

"खोटं वय सांगून आलास? लाज नाही वाटत?"

"सत्तावीस पूर्ण आहेत, मॅडम. मी गोलकीपरांचा कोच. पोरांना घेऊन आलोय."

"मग दहा मिनिटं गप्प का बसलास?"

"आधी तुम्ही बोलू दिलं नाहीत. नंतर म्हटलं... बसू या. बरं वाटत होतं."

मागे अख्खा संघ फिदीफिदी हसला. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण एकदा तू म्हटलेल्या माणसाला पुन्हा तुम्ही कसं म्हणणार? तो तूच राहिला.

तपासण्या आठवडाभर चालल्या. दोन-दोन पोरांना घेऊन तोच यायचा. पोरांचे स्कॅन आटोपले की आम्ही बाहेर चहाच्या मशीनचा पाणचट चहा प्यायचो आणि तो संघाचा इतिहास सांगायचा. "पाच वेळा मोठ्या स्पर्धेला पोचलो. चार वेळा तीन-तीन मॅच खेळून परत. आणि एकदा दोघांची वयं खोटी निघाली, म्हणून न खेळताच परत."

"त्या वेळी तू कुठे होतास?"

"त्याच संघात. माझं वय खरं होतं. हॉटेलच्या पायऱ्यांवर ग्लोव्ह्ज घालून बसलो होतो... काढवतच नव्हते." तो हसला, पण मी माझा चहा तसाच खाली ठेवला.

शेवटच्या दिवशी बाहेर धो धो पाऊस. दारातल्या पत्र्याखाली आम्ही दोघं, आणि त्याची नजर माझ्यावरून हलेना.

"एक सांगायचं होतं..."

"सांग की."

"नको. आत्ता नको." त्याने ओले केस मागे सारले. "सगळी मनगटं तू तपासलीस. मी संघाचा माणूस. आपलं काही आहे असं कुणाला कळलं, तर म्हणतील ओळखीतून पास केली पोरं. पुन्हा अख्खा संघ बाहेर."

"मग?"

"स्पर्धा संपेपर्यंत भेट नाही, फोन नाही. तीन मॅच, मग येतोच. आमचा इतिहासच आहे तसा."

मला चहा निवेपर्यंतही धीर नसतो. जीभ भाजून घेते मी. आणि हा मला थांबायला सांगून निघून गेला.

पहिली मॅच हरले. मला शांत झोप लागली. दुसरी बरोबरीत सुटली. तिसऱ्या मॅचला मी देवापुढे बसावं तशी टीव्हीपुढे बसले होते, तर शेवटच्या मिनिटाला आमच्या पोराने हेडर मारला. गोल. संघ पहिल्यांदाच पुढच्या फेरीत.

आई टाळ्या पिटत उठली. "अगं, गोल आपला झाला ना? मग तुझं तोंड का पडलं?"

"डोकं दुखतंय."

"डोकंच ना?" आई म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही. आयांना सगळं कळतं, हाच तर वैताग.

पुढची मॅचही जिंकले. सगळं शहर नाचत होतं आणि मी घरभर येरझारा घालत होते. ते जिंकले की मी चिडायची, आणि चिडले की स्वतःचीच लाज वाटायची. पोरांनी जिवाचं रान करायचं आणि मी बसायचं दिवस मोजत.

उपांत्यपूर्व फेरी पेनल्टीवर गेली. कॅमेरा क्षणभर त्याच्यावर थांबला. भिजलेला, डोळे खोल गेलेले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "जिंक रे बाबा. अजून दहा मॅच खेळ, पण ही जिंक."

आमच्या गोलकीपरच्या बोटांना चाटून बॉल आत गेला. मी हमसून हमसून रडले. आईने टीव्ही बंद केला आणि माझं डोकं मांडीवर घेतलं.

दोन दिवसांनी विमानतळावरून तो थेट हॉस्पिटलात आला. खांद्याला बॅग तशीच.

"हरलो."

"पाहिलं."

"उडीची बाजू बरोबर सांगितली होती मी पोराला. बोटंही लागली..."

"पाहिलं म्हटलं ना."

"बॉल आत गेल्यावर माझ्या मनात काय आलं, सांगू? आता तुझ्याकडे येता येईल. पोरं मैदानात रडत होती आणि मी... कसला कोच मी."

"तुमचा संघ पहिली मॅच हरला तेव्हा मी गाढ झोपले होते," मी म्हटलं. "लाज वाटायचीच असेल, तर दोघं मिळून वाटून घेऊ."

तो हसला. डोळे भरलेलेच होते. "स्पर्धा संपली. आता बोलू?"

"आधी माझं ऐक. यापुढे संघाचे स्कॅन मी करणार नाही. सकाळीच आमच्या डॉक्टरबाईंना सांगितलंय."

"का?"

"का काय? पुढच्या वेळी तू जिंकलास की मला नुसता आनंद व्हायला हवा. बाकी काही नाही."

त्याने बॅग खाली ठेवली आणि माझा हात हातात घेतला. बाकांवर चांगले चार-पाच पेशंट बसले होते. म्हटलं, पाहू देत.