राजूर घाटातला ब्रेक

मोटर थांबत होती, पण जरा विचार करून थांबत होती. गुलजारची तक्रार एवढीच होती.

मलकापुरात नारायणराव अडत्यांच्या मोटरीवर तो ड्रायव्हर होता. लढाईचे दिवस, पेट्रोल कुपनावर, आणि मुंबईहून सामानाचा एक खिळा येईल तर शपथ. ब्रेकचे पट्टे पार झिजले, तेव्हा गाडी कय्यूम मिस्त्रीच्या गॅरेजात टाकली. त्यानं आज देतो, उद्या देतो करत पंधरवडा घालवला आणि एकदाची गाडी परत दिली. आता मिस्त्रीचा शब्द म्हणजे उन्हाळ्यातलं आभाळ. त्याच्या भरवशावर पेरणी करू नये, हे काय गुलजारला कळत नव्हतं? पण गावात दुसरा मिस्त्री होता कुठं?

दुसऱ्याच दिवशी तो गाडी घेऊन पुन्हा गॅरेजात गेला.

"मिस्त्री, ब्रेक दाबला का आतून आवाज येते."

"कसा आवाज?"

गुलजारला सांगायची लाज वाटली. "कन्हल्यासारखा... बाईमानसाच्या."

कय्यूम हसला. "तुही बायको माहेरी हाये ना, म्हनून तुले बाया ऐकू येऊन राह्यल्या. नवा पट्टा हाये बे. घासू दे जरा, बसते जागेवर."

"एकदा खोलून तं पाहा."

"केलेलं काम मी खोलत नसतो." कय्यूमनं पाठ फिरवली आणि पुसलेलाच पाना पुन्हा पुसत बसला.

गुलजार मालकाकडेही बोलला. नारायणराव म्हणाले, मिस्त्री तू का तो? झालं, विषय संपला.

एरवी गुलजारनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण त्याची बायको सायरा चिखलीला माहेरी बाळंत झाली होती, मुलगा झाला होता. आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेलेली. हे तिसरं. चाळीस दिवसांचं न्हाण झालं आणि सासूचा, नूरबीचा, निरोप आला की येऊन घेऊन जा. योगायोगानं नारायणरावांना चिखलीच्या व्यापाऱ्याकडे सरकीचे नमुने पाठवायचे होते. ते म्हणाले, जातोच आहेस तर येताना आण बायकोला. मालक असं रोज रोज म्हणत नाही. गुलजारनं सलाम केला, पण ब्रेक काही डोक्यातून जाईना. चिखलीहून मलकापूर म्हणजे वाटेत राजूर घाट, आणि येताना तो उतरायचा असतो.

जाताना चढ होता, ब्रेकचं कामच पडलं नाही. चिखलीला नूरबीनं नातवाच्या कानामागं काजळ लावलं, सायराच्या ओटीत खारका टाकल्या आणि जावयाला म्हणाली, "हळू न्या बरं. जीव अडकला हाये माहा."

"माहा नाही का अडकला, अम्मा?" गुलजार म्हणाला.

बुलढाणा मागं पडलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. घाटाच्या तोंडाशी त्यानं गाडी थांबवून चाकं लाथाडून पाहिली, ब्रेक दोनदा दाबून पाहिला. धरत होता. अल्लाचं नाव घेतलं आणि गाडी उताराला लावली. दोन्ही बाजूंना सागाचं रान, पानं झडून गेलेली, वारा अजिबात नाही. पहिलं वळण नीट गेलं. दुसऱ्या वळणावर ब्रेक दाबला आणि तो कण्हण्याचा आवाज आला. या वेळी लांबलचक. पाठोपाठ वास आला, कातडं करपल्याचा, आणि त्यात केसांना लावायच्या तेलाचा.

मागच्या सीटवरून सायरा म्हणाली, "कायचा वास येते हा?"

"काई नाई. धरून बस."

पुढच्या वळणाला पाय दाबला तो थेट तळाला टेकला. हातब्रेक ओढला, तोही त्याच पट्ट्यांवरचा, तो काय दिवे लावणार? खालचा गिअर पडेना, नुसता दातओठ खात करकरला. गाडी सुटली. आणि तेव्हा गाडीखालून आवाज सुरू झाला. फट्... फट्... फट्... लांब पट्ट्याचा जोड चाकावर आपटत राहावा तसा. मलकापुरात जन्मलेल्या माणसाला तो ओळखायला वेळ लागत नाही. कापसातून सरकी काढायचे कारखाने, जिनं, हंगामात दिवसरात्र तशीच वाजत असतात. पण इथं घाटात, रानात, जिन कुठलं?

गाडीत पांढरं काहीतरी तरंगायला लागलं. रुईचे बारीक बारीक पुंजके. त्याच्या पापण्यांवर बसले, ओठांवर बसले. पोरगं मागं किंचाळून रडत होतं, आणि त्या रडण्यातून अगदी हळू, समजुतीच्या सुरात कुणी बोललं.

"लेकरू दे माह्यापाशी... तू गच्च धर..."

सायराच बोलली असेल, असं त्याला वाटलं. मागं वळून पाहायची सोय नव्हती. डाव्या हाताला दरी, उजव्या हाताला डोंगर. पोरगं रडायचं थांबलं. ते थांबलेलं ऐकून गुलजारचं काळीज फाटलं. त्यानं सगळं बळ एकवटून चाक उजवीकडे फिरवलं, गाडी डोंगराच्या अंगाला खरडत, दगड उडवत गेली आणि एका बांधाला धडकून उभी राहिली.

मग त्यानं मागं पाहिलं. सायरा दोन्ही हातांनी पुढची सीट आवळून बसली होती. मांडी रिकामी होती.

"पोरगा कोठी हाये?"

"त्या बाईजवळ देल्ला ना," सायरा म्हणाली.

"कोन्त्या बाईजवळ...?"

सायरानं शेजारी पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. ती पायातल्या चपला टाकून घाट चढत पळत सुटली, मागून हा. वरच्या वळणावर, जिथं ब्रेक गेला होता तिथं, कठड्याच्या सपाट दगडावर पोरगं होतं. कुंचीत नीट गुंडाळलेलं. झोपलेलं. ओरखडा नाही. कुंचीला रुई चिकटलेली, तेवढीच. सायरानं त्याला छातीशी असं धरलं की गुलजारला म्हणावं लागलं, अगं, गुदमरेल तो.

मोताळ्याकडे जाणारी एक बैलगाडी मिळाली, तिथून पुढं दुसरी, आणि ते पहाटे घरी पोचले. मोटर मात्र दुसऱ्या दिवशी बैल जुंपून ओढत आणावी लागली. सगळा बाजार पाहत होता, पण गुलजारला लाज वाटण्याइतकं भान नव्हतं. गाडी गॅरेजच्या दारात उभी राहिली आणि त्यानं कय्यूमची गचांडी धरली.

"खोल."

या वेळी कय्यूमनं मुकाट्यानं चाक उतरवलं, ब्रेकचा डरम काढला. आत पट्ट्याभोवती केस गुंडाळलेले होते. काळेभोर, लांब, तेल लावलेले. मिस्त्री हात झटकत मागं सरला.

"हे मी नाही घातले," तो म्हणाला. "अल्लाकसम..."

"पट्टा कोठचा हाये?"

लायनर, म्हणजे ब्रेकचे तयार पट्टे, मिळत नव्हते तेव्हा गावोगावचे मिस्त्री जिनातले जुने पट्टे कापून ब्रेकला ठोकत. ते गुलजारलाही माहीत होतं. कातडं तापलं की धरायचं सोडतं, हेही माहीत होतं. पण कय्यूमनं जे सांगितलं ते माहीत नव्हतं. जिनवाल्यांचा एक रिवाज आहे. ज्या पट्ट्यानं माणूस खाल्लं, तो पुन्हा चढवत नाहीत, जाळून टाकतात. जिनातला निवृत्ती नावाचा फिटर तसा एक पट्टा जाळायलाच निघाला होता. कय्यूमनं तो मागून घेतला. एवढं चांगलं जाड कातडं, म्हणाला, जाळून काय मिळणार?

"कोन होती?"

"मंजुळाबाई. सरकीवर कामाले होती. लेकरू दाराशी झोळीत टांगून ठेवे. ते रडलं म्हनून वळली, अन् वेणी पट्ट्यात गेली..." कय्यूमनं केसांवरून नजर काढली. "लोक ओरडले, पन इंजिनवाल्याले ऐकूच गेलं नाही. थांबवलंच नाही कोनी."

"अन् ते लेकरू?"

"दुधावाचून गेलं."

दोघांनी मिळून चारही चाकांचे पट्टे सोलून काढले. एक तुकडा ठेवला नाही. नळगंगेच्या काठी रॉकेल टाकून जाळले, केसही जाळले, राख पाण्यात सोडली. कय्यूमनं फातेहा पढला. ती हिंदू होती, पण त्या घटकेला दोघांनाही दुसरं काही येत नव्हतं. मिस्त्री रडत होता. गुलजारला त्याचा राग करायचा होता, जमलं नाही.

घरी निघाला तेव्हा पायाखालची वाट हलकी वाटत होती. संपलं एकदाचं. पोरगं वाचलं, बायको वाचली, आता आयुष्यात पुन्हा कय्यूमच्या दारात जाणार नाही.

सायरा चुलीपाशी बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"संपलं सारं," गुलजार म्हणाला. "जाळून टाकलं."

ती हलली नाही. तिचं पोलकं समोरून ओलं झालं होतं, भिजून अंगाला चिकटलं होतं.

"घाटापासून पोट्ट्यानं माह्या अंगाले तोंड लावलं नाही," ती म्हणाली. "मले वाटलं, भेलं असंल. म्हनून तुमाले सांगतलं नाही."

गुलजार पाळण्याशी गेला. पोरगं शांत झोपलं होतं. गालांवर बाळसं आलं होतं, पोट तट्ट फुगलेलं. ओठांच्या कोपऱ्यातून दुधाची धार हनुवटीवर आली होती. त्यानं बोट लावून पाहिलं.

दूध अजून कोमट होतं.