आधी माझं बोट

"अहो मॅडम… थांबा जरा. तुमच्या मागे लाल ठसे उमटतायत."

तिने वळून पाहिलं. मैदानाभोवतीच्या सिमेंटच्या वाटेवर दर दोन पावलांनी एक गडद ठिपका होता… थेट तिच्या उजव्या टाचेपर्यंत.

हाक मारणारा मैदानाच्या फाटकाशेजारी बूट बनवायचा. दुकान उघडता उघडताच त्याने तिला पाहिलं होतं. त्याने तिला बाकावर बसवलं, बूट काढला आणि आतून कापसाचा बोळा बाहेर ओढला.

"दोन नंबर मोठा आहे. कुणाचा?"

"बाबांचा. चार महिने झाले त्यांना जाऊन."

झिजलेल्या टाचेतून एक खिळा वर आला होता.

"हा टोचत असताना तीन फेऱ्या मारल्यात?"

"माझ्या पायाला नीट कळत नाही. शाळेत असल्यापासून मधुमेह आहे."

स्वच्छ रुमाल काढून त्याने टाचेला बांधला – इतक्या हलक्या हाताने, की तिला उगीच वाटलं, हे तरी पायाला कळायला हवं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, साखर पाहिली आणि चष्मा काढून ठेवला. "तीनशे चाळीस. एवढ्या साखरेत जखम भरायची नाही. पाऊल हवंय ना तुम्हाला?"

हवं होतं. छापखान्यात मुद्रितं तपासून दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडणाऱ्या बाईला स्वतःची चूक मात्र चार महिने दिसली नव्हती. बाबा गेल्यावर जेवणाची ठरलेली वेळ राहिली नव्हती, इन्सुलिन अंदाजपंचे चाललं होतं. आत्याने कान उपटले, तेव्हा कुठे ती आठवड्यापूर्वी चालायला लागली. तीही बाबांच्या बुटांत.

नव्या बुटांचं माप द्यायला ती दुकानात गेली. टाचेच्या पट्टीला धक्का न लावता त्याने कागदावर तिच्या पावलाभोवती पेन्सिल फिरवली.

"एवढं काय निरखताय?"

"बायकांच्या पायांकडे बघणं हा माझा धंदाच आहे. फुकट बदनाम करू नका."

ती हसली… आणि हसू आल्याचं तिलाच नवल वाटलं.

"बूट जखम भरल्यावरच मिळतील," तो म्हणाला. "तोवर रोज सकाळी साखरेचा आकडा मला कळवायचा."

"तुम्ही डॉक्टर की कारागीर?"

"कारागीर. माझे बूट कपाटात पडून राहिलेले मला खपत नाहीत."

रोज फोनवरून आकडा जाऊ लागला. एकशे तीस. एकशे पंचवीस. सोबत दोन ओळी. मग त्या ओळीच वाढत गेल्या. पण तिसऱ्या आठवड्यातही जखमेच्या कडा ओल्याच होत्या. "आठ दिवसांत फरक पडला नाही, तर दाखल व्हावं लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ती तशीच दुकानात आली आणि त्याला सांगून मोकळी झाली.

त्याने चामडं टोचायची आरी खाली ठेवली. "रोज एवढी छान साखर असून? खरं सांगा."

"मी तपासलंच नाही… एकदाही."

"बूट मी शिवतो. हे मला शिवता येत नाही हो." आवाज चढला नव्हता; म्हणूनच तो जास्त लागला.

"बाबांनाही मधुमेह होता," ती म्हणाली. "सकाळी आधी ते बोट टोचायचे, मग मी. ज्याचा आकडा जास्त, त्याने चहा करायचा. आता मशीनची डबी उघडते, आणि त्यांची पाळी येऊन थांबते. पुढे सरकतच नाही."

तो उठला, हात धुऊन आला आणि तिच्यासमोर बोट धरलं.

"आधी माझं बोट."

"अहो, तुम्हाला कशाला–"

"आरी रोज टोचते मला. सुईला कोण भितंय?"

तिने पर्समधली डबी काढली, नवी सुई लावली आणि टोचली.

"आई गं!" तो असा ओरडला, की शेजारचा घड्याळजी डोकावून गेला.

त्याची ब्याण्णव. तिने सुई बदलली, स्वतःचं बोट टोचलं. दोनशे शहाऐंशी. तिने आकडा मोठ्याने वाचला. डोळे भरून आले, ते काही आकड्यामुळे नव्हे.

"चहा तुमच्याकडे लागला," तो हळूच म्हणाला. "बिनसाखरेचा."

मग हे रोजचंच झालं, छापखान्यात जाण्याआधी. आधी तो – दर वेळी नव्याने कळवळत – आणि मग ती. इन्सुलिन वेळेवर, डबा वेळेवर. पायावर भार नको म्हणून ती खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करायची. तो मोजायचा, आणि बाराच्या पुढे मुद्दाम पुन्हा दहा म्हणायचा.

"गणितात नापास झाला होतात का?"

"छे. तुम्ही लवकर उठून जाता, म्हणून."

दोनशे दहा. एकशे सत्तर. जखम कडेकडेने सुकत आली. आणखी दीड महिन्याने डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली, ती परत बांधलीच नाही.

ती तिथून थेट दुकानात आली. त्याने बूट पुढ्यात ठेवले. आत मऊ अस्तर, कुठे शिवणसुद्धा लागणार नाही असं. खाली बसून तो नाडी बांधू लागला.

"झालं तर…" तो नाडीशीच बोलला. "आता कशाला याल म्हणा इकडे."

"आजचा आकडा नाही विचारलात."

"किती?"

"एकशे अठरा. म्हणजे मी पूर्ण शुद्धीवर आहे, मागाहून साखरेवर ढकलायचं नाही." तिने श्वास घेतला. "तुम्ही मला आवडता."

गाठ सुटली. त्याने पुन्हा बांधली, पुन्हा सुटली.

"अहो, बोला काहीतरी!"

"बोलतो ना… आधी दारापर्यंत चालून दाखवा. तेवढ्यात शब्द जुळवतो."

ती गेली, दाराला हात लावला, आणि त्याला फारसा वेळ न देता परत आली.