खिडकीतला साबण

आईबाबांच्या लग्नाची गोष्ट घरात सगळ्यांना तोंडपाठ होती. पाहुण्यांच्या हातात चहाचे कप आले की बाबा घसा खाकरायचे आणि थोरली ओळखायची, आता सुटका नाही.

गोष्ट तशी साधीच. खेड्यातलं लग्न, वर शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची ताडपत्री, नवरदेवाच्या पायात मागून आणलेले मोठे बूट. लग्नानंतर हनिमूनला म्हणून एका लांबच्या काकांनी शेतातली खोली दिली. एक पलंग, एक बादली, एक खिडकी.

"सगळं घेतलं होतं," बाबा म्हणायचे, "कंदील घेतला, पत्ते घेतले, आणि हिनं साबणच घेतला नाही!"

"मीच का घ्यायचा? तुम्हाला अंघोळ नव्हती वाटतं?" आई आपलं वाक्य बरोबर जागेवर टाकायची.

मग खिडकीत सापडलेला साबण यायचा. पिवळट, मध्ये खोलगट, कुणाच्या तरी अंगाला लागून गुळगुळीत झालेला. आणि ओला. वर एक लांब, सरळ, भुरा केस. आईनं तो केस ओढून काढला आणि दोघांनी त्याच साबणानं अंघोळ उरकली. नंतर काका म्हणाले, त्या खोलीत कित्येक वर्षांत कुणी राहिलंच नाही. इथे पाहुणे हसायचे. थोरली मात्र लहानपणापासून इथेच उठून आत जायची.

एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण आईनं तो साबण घरी आणला आणि पत्र्याच्या डबीत जपून ठेवला. "त्यानंच आमचा संसार सुरू झाला," म्हणायची. घरातल्या प्रत्येक मुलीनं लग्नाच्या सकाळी त्यानंच अंघोळ करायची, ही तिची हौस. धाकटीनं निमूटपणे केली. थोरलीनं आपल्या वेळी न्हाणीघराचं दार लावून घेतलं, साबण कपड्यांच्या चिमट्यात धरून नळाखाली ओला केला आणि तसाच परत दिला.

"बघ कशी झळकतेय!" आई म्हणाली होती.

आता थोरलीच्या लेकीचं लग्न ठरलं. पोरीला लहानपणापासून सगळे बटण म्हणायचे. बटणलाही आजीसारखंच साधं लग्न हवं होतं, आणि हनिमूनला तीच शेतातली खोली. "हॉटेलात काय, कुणीही जातं," म्हणाली. आजी हरखली.

"कपाटातली डबी आण गं," आईनं बाहेरून हाक मारली. बाहेर व्याही बसले होते आणि बाबा गोष्टीत बुटांपर्यंत पोहोचले होते.

थोरलीनं आतल्या खोलीत डबी उघडली. वास आला तो साबणाचा नव्हता. आजारी माणसाच्या उशीचा होता, आंबट आणि कोमट. कपाट कोरडं, कपड्यांच्या घड्या कोरड्या, आणि साबणावर बुळबुळीत साय धरलेली. इतक्या वर्षांत तो झिजला नव्हता. उलट डबीच्या कडांना टेकला होता, अंग धरल्यासारखा.

वर एक केस होता. काळाभोर, कुरळा, जाड.

थोरलीचं पार्लर होतं. दिवसभर लोकांच्या डोक्यात हात असायचे, केस ओळखायला तिला वेळ लागत नसे. लग्नाच्या फोटोत आईचे केस असे होते. आता आईचं डोकं म्हणजे पिंजलेला कापूस.

तिनं केस नखात धरला. गळलेला केस अलगद हातात येतो. हा आला नाही. त्याच्याबरोबर साबणाची कातडी वर उचलली गेली. कातडी हाच शब्द तिच्या मनात आला. तिनं हिसका दिला. केस उपटून आला, मुळाशी पांढरी गाठ घेऊन.

बाहेर आई बोलता बोलता "आई गं!" म्हणून थांबली.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही हो, डोक्यात काहीतरी चावलं."

हे आपल्या पोरीच्या अंगाला लागू द्यायचं नाही, एवढंच थोरलीनं ठरवलं. आईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, ती दुखावली असती. दुसऱ्या दिवशी तिनं तसलाच पिवळा साबण विकत आणला, चमच्यानं मध्ये खरवडला आणि डबीत ठेवला. जुना पार्लरमध्ये नेऊन वॅक्सच्या हीटरमध्ये टाकला. त्या हीटरमध्ये मेणाचंही पाणी व्हायचं. हा नुसता कोमट झाला. अंगाइतका.

शेवटी तिनं तो हातानंच बाहेर काढला. नळाखाली हात धरले तर फेस निघतच राहिला, बोटांमधून, नखांखालून, दाट आणि ऊन. ओकारी दाबताना तिचे तांबडे रंगवलेले केस तोंडावर आले. तिनं ते तसल्याच हातानं मागे सारले. मग साबण दिवसभराच्या कापलेल्या केसांत गुंडाळून कचऱ्याच्या गाडीत दिला. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती दारात उभी राहिली.

लग्न छान झालं. आजीनं बटणचा गालगुच्चा घेतला आणि "बघ कशी झळकतेय!" म्हणाली. थोरलीनं आईच्या नजरेला नजर दिली नाही.

दोन दिवसांनी भर दुपारी फोन आला. थोरलीचे हात गिऱ्हाइकाच्या डोक्यात रंग लावण्यात गुंतले होते. तिनं फोन स्पीकरवर टाकला.

"आई, आजीला सांगू नकोस हं. लग्नाच्या सकाळी मी तो साबण नुसता ओला करून ठेवला. डबी पण घरीच ठेवलीये. शी, मला नाही झेपत ते."

थोरलीला हसू आलं. पोर आपल्यावरच गेली होती.

"पण गंमत ऐक ना. त्या नादात दुसरा साबण आणायचाच राहिला! सेम आजीसारखं."

"मग दुकानातून आणा."

"दुकान कुठलं इथे? पण खिडकीत होता एक. वापरलेला आहे, चालेल. नवरोबानं केली त्यानंच अंघोळ, आता मी जातेय."

थोरलीचे हात थांबले.

"हात लावू नकोस त्याला."

"अगं, हातातच आहे. एक केस चिकटलाय फक्त."

"कसला केस?"

"तुझ्यासारखा. तांबडा, मुळाशी पांढरा." बटण हसली. "रंग लावायची वेळ झालीय तुझी! थांब, काढते."

थोरलीच्या टाळूवर बारीक कळ आली. ताणल्यासारखी.

"बटण, टाक तो. ऐक माझं..."

पलीकडे बादलीत पाणी पडत होतं.

"येतच नाहीये गं," बटण म्हणाली. "थांब, जरा जोर लावते."