दुसऱ्या हाताच्या पेशी

विषाणूंचं काम बाहेर द्यायचं ठरलं तेव्हा संस्थेत कुणी फारसं मनाला लावून घेतलं नाही. इमारत जुनी, यंत्रं तिच्याहून जुनी. शहराच्या दुसऱ्या टोकाला खास विषाणूंचीच एक प्रयोगशाळा होती आणि तिथे औषधांच्या चाचण्या निगुतीनं होत. भाऊंच्या वाट्याला साधंच काम आलं. पेशींचे फ्लास्क पेटीत नीट बसवून तिकडे पोचते करायचे.

भाऊ पेशी सांभाळणारे तंत्रज्ञ. विषाणू एकटा वाढत नाही, त्याला जिवंत पेशी लागतात. औषध त्याला रोखतं की नाही, हे त्या पेशी जगतात की मरतात यावरूनच कळतं. या पेशी त्यांच्या वरिष्ठ ताईंनी तरुणपणी वाढवायला घेतल्या होत्या, आणि चाचणीला निघालेलं लहान मुलांच्या तापावरचं औषधही ताईंचंच. ताई मात्र आता नव्हत्या. शेवटच्या आजारात भाऊंचा हात धरून त्यांनी एवढंच मागितलं होतं, "चाचणी होईपर्यंत त्यांना मरू देऊ नकोस." भाऊंनी मान हलवली होती.

काय दिवस होते ते. सकाळी आल्या आल्या ताई दारातूनच विचारायच्या, "लेकरं जेवली का रे?" नवीन आलेल्या हिशेबनिसाला कितीतरी दिवस वाटत होतं की आत पाळणाघर चालतं. पेशींचं जेवण म्हणजे लाल रंगाचं पोषकद्रव. ते संपत आलं की पिवळं पडतं, आणि पिवळं तसंच राहिलं की पेशी मरतात. ताईंचा एक नियम होता. प्रत्येक पेशी दोन हातांनी सांभाळायची. अर्धे फ्लास्क भाऊंच्या खोलीत, अर्धे ताईंच्या. बाटल्या वेगळ्या, पेशींना उबेत ठेवणारा इनक्युबेटर वेगळा. एकाच्या हातून घाण शिरली तरी दुसऱ्याचे वाचतात. एकमेकांच्या फ्लास्कला कुणी बोट लावायचं नाही.

ताई गेल्यावर भाऊंना त्यांच्या खोलीत जाववेना. बऱ्याच दिवसांनी धीर करून त्यांनी तो छोटा इनक्युबेटर उघडला. सगळं पिवळं पडून मेलेलं असणार, अशी त्यांनी मनाची तयारी केली होती.

द्रव लालभडक होतं.

त्यांनी दार लोटलं आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? पुढे अधूनमधून डोकावलं तरी तेच दिसायचं. घरातल्या घड्याळाच्या टिकटिकीची व्हावी, तशी त्यांना त्या लाल रंगाची सवय झाली.

ताईंच्या फ्लास्कला बोट लावायचं नाही, म्हणून प्रयोगशाळेत पोचवले ते भाऊंच्या हातचेच फ्लास्क. ते तिकडे मेले. भाऊंनी पुन्हा नेऊन दिले, तेही मेले. मग तिथल्या संशोधिकेचा फोन आला. ही चष्मेवाली पोरगी हुशार आणि मनानं चांगली. आणखी एकदाच वाट बघता येईल, नाहीतर वरिष्ठ ही चाचणी बंद करून औषध परत पाठवणार, असं ती म्हणाली. तुम्ही वेगळं काय करता, हेही तिनं विचारलं. भाऊ म्हणाले, तुम्ही करता तेच.

"मग आमच्याकडे का रुसतात?"

"सासरी आल्यात ना," भाऊ म्हणाले. "जीव रमत नसेल."

ती हसली. भाऊंना हसू आलं नाही. त्यांच्या स्वतःच्या खोलीतल्या पेशीही त्याच आठवड्यात माना टाकू लागल्या होत्या.

त्या दुपारी ते ताईंच्या खोलीकडे निघाले. त्या बाजूची वीज तोडून महिना होत आला होता. लांबलचक बोळात भर दिवसा अंधार, आणि बंद इमारतीला येतो तो कोंदट वास. खोलीचं दार उघडलं तसा वास बदलला. ताज्या स्पिरिटचा. टेबलावर हात टेकला, तर ते ओलं होतं, आत्ताच कुणीतरी पुसून गेल्यासारखं.

इनक्युबेटरचा दिवा विझलेला होता. आतून मात्र ऊब आली, अंगाच्या उबेसारखी. भाऊंनी मोबाइलचा उजेड पाडला. फ्लास्कमधलं लाल द्रव हलत होतं... हळूहळू, या कडेपासून त्या कडेपर्यंत. नुकताच कुणीतरी फ्लास्क खाली ठेवावा तसं.

भाऊंनी हात पुढे केला. आजवर त्या फ्लास्कला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं.

"ताई... नेतोय हं. चाचणीसाठीच."

द्रव थांबलं.

त्या पेशी प्रयोगशाळेत अशा फोफावल्या की चष्मेवालीनं सगळ्यांना बोलावून दाखवल्या. चाचणी झाली. निकालाच्या दिवशी भाऊंना मुद्दाम बोलावलं होतं. औषध न दिलेल्या पेशींच्या थरात विषाणूनं जागोजागी भोकं पाडली होती. औषध दिलेला थर जिवंत पेशींवरच चढणाऱ्या जांभळ्या रंगात अखंड, एकही भोक नाही. भाऊ तिथेच रडले. चष्मेवालीनं कागदी रुमाल पुढे केला आणि दुसरीकडे बघत उभी राहिली.

त्यानंतर तिचा फोन आला तो थंडीतल्या एका सकाळी. भाऊ स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभे होते, मागे बायको डबा भरत होती. चष्मेवालीनं आधी पेशींची खुशाली सांगितली. मग जरा घुटमळून म्हणाली की त्यांच्या कपाटाएवढ्या इनक्युबेटरच्या काचेवर रोज सकाळी वाफेचा एक गोल उमटतो. बाकी काच कोरडी. तोंड जवळ नेऊन कुणी श्वास सोडावा तसा गोल, आणि तोही आतल्या बाजूनं. पुसला तरी परत येतो. यंत्रवाल्यालाही काही सापडलं नाही.

"किती उंचीवर?" भाऊंनी विचारलं.

"खालीच. माझ्या खांद्याशी येतो."

ताई बुटक्या होत्या, उंच भाऊंच्या छातीशी येणाऱ्या. भाऊंचा आवाज मऊ झाला. राहू दे, पुसू नकोस, असं ते म्हणाले.

"पण भाऊ... कालपासून दोन येतात. दुसरा वर आहे. बराच वर."

भाऊ फोन ठेवून खिडकीजवळ सरकले. बाहेर कडाक्याचा गारठा होता. त्यांनी काचेला जवळजवळ ओठ टेकवले आणि श्वास सोडला. मग पुन्हा, जरा जोरानं.

"कुणाचा फोन होता?" असं विचारत बायको त्यांच्या कडेनं बाहेर डोकावली, आणि तिच्या श्वासानं काचेचा कोपरा धुरकट झाला.

भाऊंच्या तोंडासमोरची काच स्वच्छच होती.