नूतनीकरणाचा गठ्ठा

"ही शेवटची गाठ. आणि आता कुणी रडायचं नाही," ताई म्हणाली.

"रडतंय कोण?" असं म्हणून टाचणीनं बाहीला नाक पुसलं.

सुतळीनं बांधलेली ती अकरा पुस्तकं कॉलेजच्या ग्रंथालयाची होती. ती परत करायची, नाव काढून घ्यायचं आणि सोमवारपासून डबे भरण्याच्या कारखान्यात उभं राहायचं, असं ताईनं ठरवलं होतं. ठरवलं कसलं, ठरलं होतं. तिची शिष्यवृत्ती दरवर्षी नव्यानं मागावी लागायची. त्याचे अर्ज वरच्या कचेरीतून, प्रत्येकाचं नाव छापून, कॉलेजात यायचे. कॉलेज ते वाटायचं, मुलं भरून द्यायची. यंदा ताईला अर्ज मिळालाच नाही. चार वेळा ती खिडकीवर जाऊन आली. चारही वेळा उत्तर एकच, "वाटून झाले." आणि आज पाच वाजता मुदत संपत होती.

छापखाना बंद पडल्यापासून बाबा बोलायचे कमी आणि खोकायचे जास्त. ते खाटेवरून म्हणाले, "टाचणे, तिच्यासोबत जा. ओझं जड आहे." त्यांना पुस्तकांचं ओझं म्हणायचं होतं की दुसरं कुठलं, ते कुणी विचारलं नाही.

टाचणी बारा वर्षांची, अंगानं बारीक आणि बोलायला टोचरी. सोबत तिचा अकरा वर्षांचा आतेभाऊ निघाला. कुठल्याही वाक्यावर "का? का?" करायचा, म्हणून त्याचं नावच 'काका' पडलं होतं. शेजारचा भोपू तर न बोलावताच आला. भोपू कुजबुजला तरी तीन घरांत ऐकू जायचं.

"सुट्टीत पोहायला जायचं ठरलं होतं आपलं!" भोपू रस्त्यात ओरडला.

"गप रे," टाचणी म्हणाली. "इथं ताई बुडतेय."

काका विचारात पडला होता. "ताई, तुझ्या वर्गात अर्ज कुणाकुणाला मिळाला?"

"काय माहीत! सुट्टी आहे ना. माझ्या बाकावरच्या खळीला नाही मिळाला. ती तर गेलीसुद्धा, लांब मामाकडे, कामाला."

"म्हणजे दोघींची चौकशी केली आणि दोघींनाही नाही. मग मिळाला कुणाला?"

ताई थबकली. खरंच की! महिनाभर तिला वाटत होतं, आपलंच कुठेतरी चुकलं. चूक आपलीच असं वाटलं की माणूस दुसऱ्याला विचारायला लाजतो.

कॉलेजात सुट्टीचा शुकशुकाट होता, गर्दी होती ती फक्त ग्रंथालयापुढे. ताई पुस्तकं घेऊन ग्रंथालयाच्या रांगेत उभी राहिली आणि तिघं खिडकीकडे वळली. आत चष्मा कपाळावर चढवून एक कारकून बसले होते. एक सहकारी रजेवर, दुसरा आजारी, त्यामुळे टपालही त्यांच्याकडे आणि शिष्यवृत्तीही त्यांच्याकडे.

"काका," टाचणीनं हाक मारली.

"काय?" कारकून आणि आतेभाऊ एकदमच म्हणाले.

"तू नाही रे! काका, शिष्यवृत्तीचे अर्ज कुणाला वाटले?"

"ज्यांचे होते त्यांना."

"पण एक माझ्या ताईचा होता."

"मग तिला वाटला असेल."

"पण तिला मिळाला नाही ना!"

"मग नसेल तिचा."

असल्या उत्तराभोवती माणूस जन्मभर फिरत राहील. टाचणी फिरली नाही. "तुमच्या वहीत बघा ना, अर्ज कधी आले ते."

"वही म्हणजे काय चित्रांचं पुस्तक आहे? सूचना लावलीय बाहेर, अर्ज वाटून झाले म्हणून. दरवर्षी लागते. जा, खेळा!" आणि खिडकीची झडप धाडकन खाली आली.

तिघं पायरीवर बसली. समोर सूचनेचा कागद होता. काका नाक लावून तो वाचत होता.

"का गं टाचणे, या सूचनेवर तारीख खोडून नवी का घातलीय?"

टाचणीनं पाहिलं. सूचना मागच्या वर्षीची होती! नुसती तारीख बदलून लावलेली. म्हणजे अर्ज वाटले हे कुणी पाहिलंच नव्हतं. सूचना दरवर्षी लागते, म्हणून लागली होती.

"भामटे!" भोपू गरजला.

"भामटे नाहीत रे, आळशी आहेत. ते जास्त वाईट," टाचणी म्हणाली. तिची नजर खिडकीवरच्या पाटीवर गेली. 'येथे दिलेल्या प्रत्येक कागदाची नोंद होईल व पोच मिळेल.' ती हळूच हसली. "भोपू, तुझा घसा ठीक आहे ना? काका, कागद काढ."

पाच मिनिटांनी खिडकी पुन्हा वाजली. कारकुनांच्या हातात एक अर्ज पडला. 'माननीय प्राचार्यबाईंस, सुट्टीत कॉलेजातल्या मोठ्या झाडाखाली बसण्याची परवानगी मिळावी. आपली नम्र, तीन मुलं.'

"हा काय पोरखेळ आहे?"

"प्रत्येक कागद, असं लिहिलंय पाटीवर!" भोपूचा आवाज व्हरांडाभर घुमला. "पोच पाहिजे! शिक्का गोल असतो का चौकोनी? सही निळ्या शाईत करा हं! तारीख किती आज?"

कान वाचवायला का होईना, कारकुनांनी आवक वही उघडली. सुट्टीत टपाल कमी, त्यामुळे महिनाभराचं सगळं एकाच पानावर होतं. त्यांच्या बाजूनं सुलट, टाचणीच्या बाजूनं उलट.

पण टाचणीचे बाबा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, आणि टाचणी शाळेच्या आधी ती अक्षरं शिकली होती. तिचे डोळे पानावरून सरसर खाली उतरले.

"वाचलं!" पायरीवर येताच ती म्हणाली. "ऐका. 'फरशीचे नमुने, विषय नूतनीकरण, पाठवले मुकादमाकडे.' 'रंगांची यादी, नूतनीकरण, मुकादम.' आणि तिसरं, 'वरच्या कचेरीचा सीलबंद गठ्ठा, नूतनीकरण, मुकादम'!"

"वरची कचेरी रंग कशाला पाठवेल?" काकानं विचारलं.

तेवढ्यात रांग सरकेना म्हणून ताई हातात पुस्तकं तशीच घेऊन आली. तिनं ते ऐकलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला. "अर्जावर वर छापलेलं असतं," ती म्हणाली. "'शिष्यवृत्ती नूतनीकरण'."

चौघांनी एकदमच मागच्या इमारतीकडे पाहिलं. जुन्या प्रयोगशाळेला बांबूंचा सांगाडा लागला होता. दारावर पाटी होती. 'नूतनीकरणाचे काम चालू आहे. आत येऊ नये.'

चौघं आत घुसली!

आत चुन्याचा वास कोंदला होता. शिडीवर एक म्हातारा रंगारी भिंत घासत होता. डोक्यावर कागदाची टोपी, टोपीवर छापील अक्षरं. भोपूनं ती मोठ्यानं वाचली, "'मागील वर्षाचे गु...' ई!"

"'गुण' आहे ते, मूर्खा! 'ण' घडीत गेलाय!" टाचणी ओरडली. मग तिनं खाली पाहिलं आणि तिचं हसू मावळलं. शिडीखालच्या फरशीवर कागद अंथरले होते. त्यांवर पांढरे ठिपके, बुटांचे ठसे, आणि ठिपक्यांखाली मुलांची नावं.

"आजोबा, हे कागद कुठून आणले?"

"मुकादमानं दिलाय गठ्ठा. म्हणाला, नूतनीकरणाचे कागद म्हणजे आपलेच. जाड आहेत, टोप्या झकास होतात." तो शिडीवरून उतरला. "का गं बाळा? कामाचे होते?"

ताईनं सांगितलं. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी उतरवली आणि तिच्या घड्या सोडवायला लागला. "मला वाचता येत नाही पोरी. येत असतं तर पाय दिला नसता."

ज्यांना वाचता येत होतं, त्यांनी गठ्ठा उघडलाही नव्हता. पण हे त्याला कुणी म्हटलं नाही.

मुलं गुडघ्यांवर बसून कागद गोळा करायला लागली. कोपऱ्यातल्या गठ्ठ्यात तेहेतीस अर्ज कोरे होते. फरशीवर दहा, टोप्यांचे दोन. पंचेचाळीस.

"त्यात ताईचा नाही," काका हळूच म्हणाला.

रंगाऱ्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि रंगाची बादली उचलली. खाली शेहेचाळिसावा अर्ज होता. बादलीच्या बुडाचं पांढरं गोल कडं उमटलं होतं, बरोबर ताईच्या नावाभोवती.

"द्या इकडे!" दारात कारकून धापा टाकत उभे होते. "या पोराचा आवाज ऐकला तेव्हाच समजलं... द्या, मी बघतो. कुणाला सांगायची गरज नाही."

मोठी माणसं 'बघतो' म्हणतात, तेव्हा डोळे मिटणार असतात. टाचणीनं गठ्ठा छातीशी धरला.

"देते. पण पोच द्या. 'शेहेचाळीस अर्ज रंगकामाच्या खोलीत सापडले,' असं लिहून. खाली सही."

सहीचं नाव काढताच कारकून मागे सरकले, आणि टाचणी गठ्ठा घेऊन थेट प्राचार्यबाईंकडे निघाली.

प्राचार्यबाईंच्या खोलीत घड्याळात पावणेतीन वाजले होते. टेबलावर एक यादी पडली होती. प्रवेश रद्द होणारी शेहेचाळीस नावं. पाचनंतर त्यावर बाईंची सही व्हायची होती.

त्यांनी चुन्यानं माखलेले अर्ज एकेक करून पाहिले. मग कारकुनांकडे वळल्या. "गठ्ठ्यावर काय होतं?"

"नूतनीकरण, बाई. त्या आठवड्यात सगळंच नूतनीकरणाचं येत होतं..."

"आणि आत काय होतं?"

"उघडला नाही."

बाईंनी अर्ज टेबलावर ठेवले. मग म्हणाल्या, "आणि मी विचारलं नाही. शेहेचाळीस मुलं एकदम गप्प बसली, आणि मला वाटलं, बेफिकीर आहेत." त्यांनी यादी मधोमध फाडली आणि वरच्या कचेरीला फोन लावला. त्या रागावल्या, मग समजावलं, मग चक्क विनंती केली. फोन ठेवताना त्यांच्या कपाळावर घाम होता. "तीन दिवस दिलेत."

ते तीन दिवस कुणी पोहायला गेलं नाही. घराघरांत जाऊन अर्ज द्यायचे, भरून घ्यायचे, आणून द्यायचे. आईनं टोप्यांचे दोन्ही अर्ज इस्त्रीखाली सपाट केले. बाबांनी खाटेवर बसून ब्लेडनं चुन्याचे ठिपके खरवडले, कागद न दुखवता. खूप दिवसांनी त्यांचे हात छापखान्यातल्यासारखे चालले. म्हणाले, "ताईच्या नावाभोवतीचं कडं राहू दे. नाव तर वाचता येतंय."

एकच अर्ज उरला, खळीचा. ताईनं तिच्या मामाकडे फोन केला. फोनवर बराच वेळ नुसती 'हं, हं' करत राहिली. मग फोन ठेवून म्हणाली, "मामा म्हणतात, एकदा कामाला लागली की लागली. ती स्वतः काही बोललीच नाही." आणि पुस्तकांची गाठ सोडवत बसली. घट्ट बसली होती. शेवटी कात्रीच लागली.

चौथ्या दिवशी प्राचार्यबाईंनी तिघांना बोलावलं. रंगारी आजोबा आले, धुतलेला सदरा घालून बाबाही आले. आवकेच्या खिडकीवर आता नवे कारकून होते, आणि सूचनाफलकावर नवी सूचना. त्यात 'नूतनीकरण' नव्हतं, 'शिष्यवृत्ती पुढे चालू ठेवण्याचा अर्ज' असं सरळ लिहिलं होतं.

"मोठ्यांनी करायचं काम तुम्ही केलंत," बाई म्हणाल्या. "शाबास! आणि हे तुमच्या अर्जाचं उत्तर." कागदावर गोल शिक्का होता आणि निळ्या शाईत लिहिलं होतं, 'झाडाखाली बसण्यास परवानगी आहे. कधीही.'

"गोलच असतो बघ!" भोपू ओरडला. बाबा हसले, आणि खोकले नाहीत.

टाचणी हसली नाही. ती टेबलापलीकडे उभी होती. टेबलाच्या काचेखाली एक न भरलेला अर्ज सरकवलेला होता, बाईंच्या बाजूनं सुलट, तिच्या बाजूनं उलट. एका कोपऱ्यात बुटाचा पुसट ठसा.

बाईंनी तिची नजर पाहिली. "तो तिथंच राहणार," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "रोज खुर्चीत बसले की मला दिसला पाहिजे."

खळीला तिच्या खऱ्या नावानं कुणीच हाक मारत नसे. टाचणीनं ते उलटं नाव एकेक अक्षर करत पूर्ण वाचलं, आणि मगच ती मागे वळली.