बाराव्या मिनिटाचा डोंगर

मुलांनो, जरा डोळे मिटा. कल्पना करा, काटेरी झुडपांच्या दाट रानातून शंभर मुलं पळत सुटली आहेत. किडकिडीत मुलं झुडपांतल्या फटींत शिरतात, रेंगाळतात. थोराड मुलांना कुठे शिरताच येत नाही, ती सरळ वाटेने आधी बाहेर पडतात. रानाच्या टोकाला घड्याळ घेऊन बसलात, तर कोण किती मिनिटांनी आलं यावरूनच तुम्ही त्याला ओळखाल.

लिक्विड क्रोमॅटोग्राफीचं यंत्र हेच करतं. रान म्हणजे बोटाएवढी जाड पोलादी नळी, आणि पळणारी मुलं म्हणजे पाण्यात विरघळलेले पदार्थ. एखादा पदार्थ बाहेर पडला की पडद्यावरची सपाट रेघ वर चढते, तिचा डोंगर होतो. आमच्या यंत्रात प्रथिनांचा डोंगर बाराव्या मिनिटाला यायचा. डोंगर जेवढा मोठा, तेवढी प्रथिनं जास्त.

आता सांगतो ते माझ्या डोळ्यांसमोर घडलं आहे. पदरचा एक शब्द घातलेला नाही.

रविवार होता. दुपारचे साडेबारा. बाहेर लख्ख ऊन.

प्रयोगशाळेत मी आणि माझी नऊ वर्षांची भाची, दोघंच. सतत काहीतरी उचलून नेते म्हणून तिला आम्ही मुंगी म्हणायचो. तिची आई, माझी धाकटी बहीण, समोरच्या इस्पितळात होती. चार दिवसांपूर्वी मुंगीला भाऊ झाला होता. दिवस भरायच्या आधीच, मूठभर.

अशा नाजूक बाळांना तिथे एक खास दूधभुकटी कालवून द्यायचे. जुना साठा संपत आला होता आणि नवी खोकी नव्या व्यापाऱ्याकडून आली होती. भुकटीत पुरेशी प्रथिनं आहेत असं आम्ही लिहून दिल्याशिवाय खोकं फोडायचं नाही, असा नियम.

चार वाजताच्या दुधाला जुनी भुकटी उरणार नव्हती.

काम तसं सोपं. आधी यंत्रातून नुसतं शुद्ध पाणी सोडायचं. रेघ सपाट आली म्हणजे यंत्र स्वच्छ. मग भुकटी. मुंगी कंटाळू नये म्हणून तिला वही-पेन्सिल दिली आणि पडद्यावर रेघ चालेल तशी काढत जा म्हटलं.

पाणी सोडलं. बारावं मिनिट आलं...

डोंगर.

नुसत्या पाण्यात प्रथिनं? मी चरफडलो. बाटली नीट धुतलेली नसणार. नवी बाटली घेतली, नवं पाणी घेतलं.

डोंगर.

नळी अर्धा तास धुतली. डोंगर. बाटलीतून पाणी ओढणारी सुई बदलली. डोंगर. पंधरा-पंधरा मिनिटं अक्षरशः पाण्यात चालली होती. मेकॅनिकला फोन केला, तर तो जेवत होता. म्हणाला, एकदा बंद करून चालू करा. हे मला त्याच्या आधी दोनदा सुचलं होतं.

शेवटी वैतागून बाटलीच काढून घेतली. बुडू दे सुई हवेत. आता काय दाखवतोस ते बघतो, असं मी यंत्राला मोठ्याने म्हणालोसुद्धा.

पाचव्या मिनिटाला मुंगीच्या वहीकडे नजर गेली. तिने पुढचा डोंगर आधीच काढून ठेवला होता. मी खेकसलो. बघून काढायचं, मनचं नाही, असं बजावलं.

बाराव्या मिनिटाला पडद्यावर डोंगर उगवला...

वहीतलाच. तीच चढण, तोच उतार, माथ्यावर तीच बारीक खाच.

"तुला आधीच कसं कळलं गं?"

"मला नाही कळत, मामा. हात धरून गिरवून घेतात."

"कोण?"

"मी मागे वळून बघितलं. कोणी नसतं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. यंत्राच्या पंपाची टिकटिक दिवसभर चालते, कान ती विसरून जातात. ती थांबली होती. दाबाचा काटा जागच्या जागी होता, द्रव वाहत होता, आणि आवाज नव्हता...

मुंगीने पेन्सिल खाली ठेवली.

टिकटिक सुरू झाली.

तेवढ्यात फोन. वॉर्डातल्या सिस्टर होत्या. पावणेतीन वाजले होते. भुकटी दुसऱ्या इस्पितळातून मागवायची तर आत्ता सांगा, गाडीला तास लागतो, म्हणाल्या. वर टोमणाही मारला, की बाळाचे मामाच एवढा वेळ लावतात तर परक्यांचं काय. मी पंधरा मिनिटं मागून घेतली.

चुलीत गेलं ते पाणी, असं म्हणून मी भुकटीची बाटली लावली. येईल तो आकडा लिहून द्यायचा आणि मोकळं व्हायचं. भीतीपेक्षा राग जास्त होता, हे कबूल करतो.

टिकटिक थांबली...

मुंगीची पेन्सिल चालू लागली. दहावं मिनिट, अकरावं, बारावं... सपाट. पानाच्या कडेपर्यंत सपाट.

पडद्यावर मात्र बाराव्या मिनिटाला डोंगर आला. नियमात बसणारा, भरघोस. वही आणि पडदा पहिल्यांदाच वेगळं सांगत होते.

डोंगर पाण्यातल्याएवढाच होता. जराही जास्त नाही. म्हणजे त्यात भुकटीचं स्वतःचं काहीच नाही, असाही अर्थ निघत होता. पण मला तो काढायचा नव्हता. अहवालाचा कागद मी पुढे ओढला, तरी ती सपाट रेघ डोळ्यांत खुपत राहिली.

चुकलीस, इथे डोंगर काढ, म्हणत मी तिच्या मुठीवर माझी मूठ ठेवली आणि पेन्सिल वर ढकलली.

ढकलली जाईना.

माझ्या तळव्याखाली मुंगीची बोटं नव्हती... लांब होती. हाडकुळी. गार. मुंगीची बोटं त्यांच्याही खाली होती.

मी हात झटकून मागे घेतला. टेबलापाशी आम्ही दोघंच होतो.

भुकटीत नुसतं आरारूट आणि साखर आहे, हे दुसऱ्या प्रयोगशाळेतून नऊ दिवसांनी कळलं. आमच्या यंत्रात मेकॅनिकला कसलाच बिघाड सापडला नाही. सोमवारी पाणी सोडलं तर रेघ सपाट. माझ्या आधी त्या यंत्रावर कोण बसायचं, ते मी बऱ्याच जणांना विचारलं. प्रत्येकाने वेगळं नाव सांगितलं. आजही एखाद्या मुलाला हात धरून गिरवायला शिकवायचं असलं, की मी आधी त्याचा हात नीट बघून घेतो.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठाऊक नव्हतं. अहवाल कोरा होता. फोन पुन्हा वाजत होता, आणि मी अजून माझ्या तळव्याकडेच बघत होतो.

मुंगीला उजवा हात वहीवरून उचलता येईना. तिने डाव्या हाताने फोन ओढला आणि कानाला लावला.

"सिस्टर, मी बाळाची ताई बोलतेय. नवं खोकं फोडू नका. दुसरीकडून मागवा."

तिने फोन ठेवला. मग वहीवरच्या आपल्या हाताकडे बघून हळूच म्हणाली, "सांगितलं. आता सोडा."