कानातलं गाव

कुकरची शिट्टी झाली आणि धनपाल चौगुले असे दचकले की निम्मी आमटी लेंग्यावर सांडली.

"आप्पा, भात शिजतोय, बॉम्ब न्हवं त्यो!" लेक सन्मती हसत म्हणाली.

वीस वर्षं ठार बहिरा असलेला माणूस नुकताच ऐकायला लागला होता. कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवून आणणारं नवं औषध, श्रवणबीज. कानात चारच थेंब. तिसऱ्या दिवशी आप्पा सन्मतीला घेऊन दवाखान्यात तणतणत गेले. "औषध फुकट गेलं! लेक समोर बसून बोलती, एक शब्द ऐकू येईना!"

"मग माझं कसं ऐकू येतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

वाघोशी गावाची सवयच तशी. यंत्रमागांच्या खडखडाटात ओरडणार किती? सारं गाव आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचं. घरात सन्मतीही तेच करत होती. तिनं जीभ चावली आणि मोठ्यानं हाक मारली, "आप्पा!" चार वर्षांची असताना शेवटचा ऐकलेला पोरीचा आवाज आता असा झालाय हे ऐकून आप्पा भर दवाखान्यात ढसाढसा रडले.

आज चौदावा दिवस, आणि उद्या ती बेंगळुरूला निघाली होती, नोकरीसाठी. वाघोशीत कामच कुठं उरलं होतं?

"मी जाणार म्हणून तोंड पाडलंय व्हय?"

"तू जायलाच पायजेस. त्ये न्हवं." आप्पा ताटाकडे बघत म्हणाले. "माग बंद पडल्याले डोळ्यांनी बघितले, सात वर्षं झाली. पर कानात चालूच हुते गं. दिवसरात खटाखट. डॉक्टरीण म्हनती, त्यो रोग हुता. असंल. माझं गाव हुतं त्ये. थेंब घातलं आन् बंद पडलं."

फळीवर उताऱ्याची बाटली होती. पंधरा दिवसांच्या आत घेतली, तर नव्या पेशी सुकतात आणि कान पूर्वीसारखा होतो, बहिरा, पण आत खटाखट चालू. त्यानंतर उपाय नाही. सन्मतीला त्या बाटलीचा राग आला, मग रागाचीच लाज वाटली. तीही लहानपणी त्याच खटाखटीत झोपी जायची.

सकाळी स्टँडवर बसची काच बंद होती. तिनं नुसते ओठ हलवले. "उतारा घेतलात तरी मी रागावणार नाही."

आप्पांनीही ओठांनीच सांगितलं, "पोचलीस की फोन कर."

गाडी हलली. आज पंधरावा, शेवटचा दिवस. संध्याकाळी ती फोन करेल, तेव्हा आप्पांच्या कानात कोण असेल? लेक, की गाव?